आडवी हातोडी

परतीच्या पावसानं यंदा डोंगरीपाड्याचं भात झोपवलं. कापायला आलेलं पीक चिखलात लोळलं आणि ऊन पडेस्तोवर लोंब्यांना कोंब फुटायला लागले. पाड्यावरची सगळी माणसं शेतात वाकली होती. कंपनीत जाणारी पोरंसुद्धा खाडे करत होती. बोईसरची बस फाट्यावर यायची, हॉर्न वाजवायची आणि निम्मी रिकामी परत जायची. अशा दिवसांत सुका आपल्या घरामागं लोखंड तापवत बसला होता, आणि त्याची बायको तानी उभी राहून घण मारत होती.

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. मोल असतंच. फक्त हौस एकाची असते आणि मोल दुसराच कुणी चुकवत असतो. सुकाच्या घरात ते तानी चुकवत होती.

सुका काही जातीचा लोहार नव्हे. वारली माणूस; थोडं भात, थोडे वाल, आणि बाकीचे महिने बोईसरच्या एका कारखान्यात हेल्पर. तिथल्या प्रेसनं त्याच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. ठेकेदारानं त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं, आणि त्या दारापासून पुढं कोण सुका आणि कोण ठेकेदार. मग सुका घरात पडून राहिला. कुणी आलं की हात टॉवेलाखाली लपवायचा. ताटात वाढलेलं तसंच टाकून उठायचा. तानी त्याला शिव्या द्यायची आणि पाठ फिरवून रडायची.

त्याला उठवलं ते त्याच्या पोराच्या, नीलेशच्या, जुन्या मोबाइलनं. त्यात कुणी एक गोरा माणूस आपल्या घराच्या मागं भट्टी लावून चाकू, कुऱ्हाडी करत असे. पोटासाठी नव्हे, नुसता रविवार जावा म्हणून. तो काय बोलायचा ते सुकाला ओ की ठो कळत नव्हतं. पण लाल झालेलं लोखंड वाकताना बघायला भाषा लागत नाही. सुका दिवसभर तेच बघायचा. एक दिवस उठला आणि भंगारवाल्याकडून अर्धं कापलेलं पिंप घेऊन आला. वारुळाची माती आणि भाताचा तूस कालवून त्यानं ते आतून लिंपलं, खालून पाइप घातला आणि पाइपाला हातानं फिरवायचा पंखा जोडला. ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे जमवले. ऐरण म्हणून नदीतला काळा दगड आणून पुरला.

पहिल्यांदा त्यानं केली ती सांडस. तिच्या एका दांडीला त्यानं कडं वळवलं होतं. अंगठा त्या कड्यात अडकवला की उरलेल्या करंगळीनं सांडस आवळता यायची. अख्खा पाडा ती बघायला आला. सुकानं तो हात टॉवेलाखालून पहिल्यांदा चारचौघांत बाहेर काढला. तानीनं सगळ्यांना काळा चहा पाजला. माणूस उठला याचा तिला एवढा आनंद झाला, की पंखा फिरवायला तीच बसली. पुढं काय वाढून ठेवलंय ते तिला तेव्हा कुठं दिसत होतं.

एका हातात सांडस आणि दुसऱ्यात हातोडी धरली की घणाला दुसरा माणूस लागतो. नीलेश रेल्वेच्या नव्या लायनीवर ठेक्यात कामाला होता, तो दिवस उजाडायच्या आत निघून जाई. म्हणून घण तानीच्या हातात आला. रीत अशी होती: सुका हातोडीनं लोखंडावर हलकेच मारून जागा दाखवणार, आणि तानीनं घण बरोबर तिथंच घालायचा. टक्, धाड. टक्, धाड. सुकानं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. तोंडानं काही सांगायचं नाही, भट्टीपाशी बोललेलं ऐकू येत नाही. तानी ही रीत लवकर शिकली. सुका मात्र हातोडी आडवी ठेवायला विसरायला शिकला.

पाड्यावर हसणारे हसले. सुक्याच्या घरात बायको मारते आणि नवरा बसून खातो, असं वाटेनं जाणारा प्रत्येक जण म्हणून जाई. सुकाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला एकच वेड लागलं होतं. दिवाळीनंतर गवतकापणी सुरू होते, तेव्हा बोईसरच्या बाजारात विळ्यांचे ढीग लागतात. त्या ढिगांत आपला एक ढीग असावा, आणि लोकांनी विचारावं, हे कुणाच्या हातचे?

पहिले विळे घेऊन तो बाजारात गेलाही. तिथं आत्माराम लोहार बसतो. त्यानं सुकाचा एक विळा उचलला, पायाखाली दाबून वाकवला, तो वाकला तसाच राहिला. आत्मारामनं तो तसाच परत दिला आणि गिऱ्हाइकाकडं वळला. बराच वेळ सुका तिथंच उभा होता. शेवटी आत्माराम त्याच्याकडं न बघताच म्हणाला, की दगडावर मसाला वाटतात. लोखंडाला ऐरण लागते, नाहीतर निदान रुळाचा तुकडा.

नाचता येईना त्याला अंगण वाकडं मिळालं. त्या दिवसापासून सुकानं रुळाचा धोसरा काढला. नव्या लायनीच्या कडेला गवतात कापलेले तुकडे पडलेले असतात, हे नीलेशनंच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. नीलेश आधी हसला, मग वैतागला. तुकडा म्हणजे भंगार नव्हे, सरकारचा माल आहे, धरलं तर आत घालतील, असं त्यानं समजावून सांगितलं. सुका वाद घालत नसे. जेवायला बसलं की तो आपला तुटका हात ताटाशेजारी उघडा मांडून ठेवायचा.

"ह्यो हात धड असता," तो म्हणायचा, "तर मीच आणला असता. तुला सांगायला कशाला आलो असतो?"

रोज रोज तो हात बघून घास कुणाच्या घशाखाली उतरेल? एका संध्याकाळी नीलेश मोटरसायकलच्या मागच्या सीटवर गोणपाटात बांधलेलं ओझं घेऊन आला. सुकानं त्या तुकड्याला न्हाऊ घातलं, दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली, आणि नीलेशला त्या दिवशी चक्क जवळ बसवून जेवला.

रुळावर लोखंड खरंच बसायला लागलं. विळे सरळ निघायला लागले, वाकवले तर परत जागेवर यायला लागले. सुका एकेक विळा कानाशी नेऊन नखानं वाजवायचा आणि तानीलाही ऐकवायचा. तेवढ्यात तो पाऊस आला, भात झोपलं, आणि तानीचे हाल सुरू झाले. सकाळपासून ती चिखलात वाकून झोपलेलं भात उचलून उचलून कापायची. लोंब्या हातात आल्या की त्यांचे पांढरे कोंब दिसायचे, आणि ती आणखी भराभर कापायची. ऊन उतरताना घरी यायची, तर भट्टी पेटलेली असायची. सुका म्हणायचा, पाणी पी आणि ये.

एक दिवस घण वर नेताना तिच्या उजव्या खांद्यात काहीतरी उसवल्यासारखं झालं. घण हातातून सुटून मातीत पडला. तानी तिथंच बसली, तोंड उघडं, आवाज नाही. सुकानं लोखंड परत भट्टीत खुपसलं. ते थंड होत होतं ना.

"मोनालीला बोलव," तो म्हणाला.

मोनाली म्हणजे त्यांची सून, नीलेशची बायको. तिला पाचवा चालू होता. मागच्या वर्षी लावणीत, गुडघाभर चिखलात, तिचं पहिलं पोर गेलं. तानीनं तिला पाठीवर घेऊन घरी आणलं होतं आणि ते रक्ताचं लुगडं आपल्या हातानं नदीत सोडलं होतं. तेव्हापासून तानीला या जगात एकच गोष्ट हवी होती. या पोरीचं पोर जिवंत जन्माला यावं. भात गेलं तर जावं, खांदा गेला तर जावा. शेतातसुद्धा ती मोनालीला वाकू द्यायची नाही. पेंढ्या बांधायला बसवायची, आणि कुणी बोललं तर त्याच्या अंगावर जायची.

तानी नको म्हणाली. सुका म्हणाला, चार घाव मारले म्हणून पोर काय पडतं का, त्याच्या आईनं नववा महिना भरेस्तोवर डोंगरातून मोळ्या आणल्या. मोनाली स्वतःच उठली. सासरा इतक्या महिन्यांनी माणसात आला आहे, त्याचं मन मोडू नये, असं तिला वाटलं. भली पोर. तिनं घण उचलला. टक्, धाड. तानी खांदा धरून त्या हातोडीकडं बघत बसली. हातोडी आडवी होईना.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मोनाली पाठमोरी बसून परकर धूत होती. पाण्यात तांबूस धार गेली. तानीनं ती बघितली. मोनाली म्हणाली, थोडंसंच आहे आई, थांबलं आता. नीलेशला सांगू नका, तो बाबांशी भांडेल.

तानीनं नीलेशला सांगितलं नाही. ती भावेशकडं गेली, आणि तिथं चुकली.

भावेश हा सुकाचा धाकटा भाऊ. घरामागचा वाडा, म्हणजे कुंपणातली मोकळी जागा, दोघांच्या सामाईक मालकीचा. बोईसरच्या कामगारांना भाड्यानं द्यायला तिथं खोल्या बांधायच्या, हे भावेशच्या मनात कधीपासून होतं, आणि नेमकी मधोमध सुकाची भट्टी. तानीला हे काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर ती त्याच्याकडं गेली. रूळ उचलला गेला की भट्टी बसेल, एवढंच तिचं गणित होतं. दगडावर परत जायला सुकाचं मन धजणार नाही, असं तिला वाटत होतं.

"नुसता तुकडा नेवाचा," तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. "माणसाला हात लावाचा नाय."

भावेश म्हणाला, वैनी, लायनीवरचा मुकादम माझ्या उठण्याबसण्यातला आहे. तो टेम्पो घेऊन येईल, आपला माल म्हणून उचलून नेईल. कुणाला कळणारसुद्धा नाही. त्यानं तिला चहासुद्धा दिला. आपलेच दात, आपलेच ओठ.

टेम्पो आला नाही. जीप आली, रेल्वेच्या पोलिसांची. मोनाली तेव्हा शेतावर पेंढ्या मोजून घ्यायला गेली होती. नीलेश खाडा करून झोडणीसाठी घरी थांबलेला; अंगणात फळी मांडून भात झोडत होता, अंगभर तूस. जीपमधून उतरलेले सरळ घरामागं गेले, जणू वाट पाठ होती. त्यांच्यातल्या एकानं रुळाला बूट लावला आणि विचारलं, "ये किधर से आया? कौन लाया?"

सुकाच्या अंगठ्यात सांडशीचं कडं तसंच अडकलेलं होतं. त्यानं ते हळूच काढून ठेवलं.

"तू लाया?" पोलिसानं सुकाला विचारलं.

सुकानं आपला डावा हात वर केला. उन्हात, सगळ्यांना नीट दिसेल असा. ज्या हातानं आता काय वाटेल ते करता येतं म्हणून तो पाडाभर सांगत फिरत होता, तो हात त्यानं भिकाऱ्यासारखा पुढं धरला.

"सायब, माजा हात ह्यो असा. माज्यानं कसा उचलंल?" तो म्हणाला. मग त्यानं नीलेशकडं बघितलं. वर धरलेल्या हाताला खुणेचं बोट नव्हतं, म्हणून त्यानं हनुवटीनं दाखवलं. "पोरानं आणला. लायनीवर हाय तो."

नीलेश बापाकडं बघत राहिला. त्याच्या हातात अजून भाताची पेंढी होती. त्यानं ती नीट फळीवर ठेवली, लोंब्या आत वळवून, आणि मी आणला म्हणाला. तानी मध्ये पडली. तिनं पोलिसांचे पाय धरले, मी आणला म्हणाली, दिराचं नाव घेतलं, मुकादमाचं घेतलं. तिचं कोण ऐकतो? रूळ जड होता, म्हणून त्यांनी तो नीलेशच्याच खांद्यावर दिला. वाड्यातून फाट्यापर्यंत, जीप उभी होती तिथवर, तो आपला गुन्हा आपणच वाहून घेऊन गेला. शेतांत वाकलेली माणसं उभी राहून बघत होती. त्या माणसांत मोनालीही होती.

ती धावत आली तेव्हा धूळ खाली बसली होती. कसं झालं, कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. सुका भट्टीत बघत बसला आणि तानीनं तिला नुसतं कवटाळलं. खरं सांगायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण मग आपलंही सांगावं लागलं असतं.

नीलेश सुटला नाही. पालघरला तारीख पडली, पुन्हा पडली. वकिलाकडं तानी आणि मोनाली बसनं जात, दारात बसत, आणि उद्या या असं ऐकून परत येत. शेतातलं उरलेलं भात उगवून हिरवं झालं. भावेशनं वाड्याच्या कडेला विटा आणून टाकल्या. सुका थोडे दिवस पुन्हा टॉवेलाखाली हात घेऊन पडून राहिला, आणि तानीला मनातून, देवा, बरं वाटलं. इतकं सगळं होऊनसुद्धा तिला बरं वाटलं, की निदान घण तरी बंद पडला.

दिवाळी झाली, डोंगरातलं गवत पिवळं पडलं. एका सकाळी भट्टीचा धूर आला. तानी मागं गेली तर सुकानं तो जुना काळा दगड पुन्हा जागेवर पुरला होता. कापणी आली, विळे झाले पाहिजेत, बाजारात गेले पाहिजेत, तो जणू काल रात्रीच काम थांबलं असावं तसं बोलत होता. घण घे म्हणाला.

तानीनं घण घेतला. डाव्या हातानं उचलला, उजवा नुसता टेकवला. कमरेच्या वर तो गेला नाही. लोखंडाच्या शेजारी मातीत पडला. दुसऱ्यांदा पडला. लोखंड काळं झालं तसं सुकानं ते परत भट्टीत घातलं आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "मोनाली."

"तिला नाय," तानी म्हणाली. तिनं असा आवाज लग्न झाल्यापासून काढला नव्हता. "मी जिती हाय तवर ती घणाला हात नाय लावाची."

मोनाली दारात येऊन उभी राहिली होती. पोट आता चांगलं दिसत होतं. सुकानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा तानीकडं.

"हिला लय माया आली तुजी," तो मोनालीला म्हणाला. "तुजा नवरा कोणी धरून दिला, इचार तिला. भावेशनं सांगितला मना. हीच गेलेली त्याच्याकडं, आपल्या पायानं."

लोखंड परत तापवायला तानीनं एव्हाना सवयीनं पंख्याची मूठ धरली होती. ती फिरवायची थांबली.

"आई?" मोनाली म्हणाली.

"तुज्यासाठी गेलते," तानी म्हणाली. "तुज्या पोटासाठी. नुसता रूळ नेतील बोलला तो." मग तिला वाटलं, आता कसली लाज. "नाव मी नाय दिला. नाव ह्यानं दिला. सायबाला हात दाखवला आनि पोराला पुढं केला."

"मना इचारला, मी खरा बोललो," सुका म्हणाला. "बोलावला कोणी त्यांना?"

मोनाली दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. ही पोर रडेल, शिव्या देईल, माहेरी निघून जाईल, असं तानीला वाटत होतं. त्यातलं काहीही चाललं असतं. मोनाली दारातून खाली उतरली. तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली, पोटाच्या वरून, आणि तानीच्या पायाशी पडलेला घण उचलला.

"मोनाली, नको गं. पोराला बघ."

"तुमी पंखा फिरवा," मोनाली म्हणाली. "माज्या पोराचा आता तुमी काय बघू नका."

सुकानं लाल पाटा दगडावर धरला. चेहऱ्यावर त्याच्या समाधान होतं, ते लपवायचीही त्याला गरज वाटली नाही. त्यानं हातोडीनं जागा दाखवली. टक्. घण आला. टक्. घण आला. नीट, जोरात, नेमका तिथंच. तानी पंखा फिरवत होती, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. पाट्याला विळ्याचा बाक आला, मग पातं पातळ झालं. लोखंड काळवंडलं. सुकानं हातोडी दगडावर आडवी ठेवली.

घण आला. पातं थंड होतं, ते तुटून उडालं. सुकानं सांडस मागं ओढली आणि हातोडी पुन्हा आडवी ठेवली, आता आपटून. मोनाली हातोडीकडं बघतच नव्हती. घण नुसत्या दगडावर पडला, दगडाची ढलपी उडाली आणि सुकाच्या गालाला चाटून गेली. तो मागं सरकत सरकत कुडापर्यंत गेला, तुटका हात तोंडापुढं धरून. थांब म्हणाला. पुन्हा म्हणाला. भट्टीपाशी बोललेलं ऐकू येत नाही.

मोनालीच्या पायाशी मातीवर एक थेंब पडला, मग दुसरा. घामाचे नव्हते ते. तानी पंखा टाकून तिला धरायला धावली. मागून तिला मिठी घालायला तिनं दोन्ही हात उचलले. उजवा वर आलाच नाही, आणि घण पुन्हा वर गेला.